कापश्याला कशानं धुतलं?

मु. केळापूर
सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

चि. अर्पिता हिले बाबाचा आशीर्वाद.

काल तुमची गाडी फाट्यावरून वळली अन् घर खायले उठलं. आयुषनं पोळ्याले येऊन जो धुडगूस घातला, तो पुरा गाव आठवून राह्यला. मी म्हनतो घालू दे. तुही माय गेल्यापासून आपल्या घरात कोनी धुडगूस घातलाच नवता.

शेजारचा रामधन आजबी हसतच दारात आला. तू त्या दिवशी सैपाकात होती, तुले सारं माहीत नाही, म्हनून सांगतो. आयुषचा लाकडाचा नंदी तुमी यवतमाळलेच विसरले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गावातले पोट्टे आपापले नंदी घेऊन निंगाले, मंग हा काय करन? बैलाच्या शिंगाले लावून उरलेला ऑइलपेंट गोठ्यात होता, लाल अन् हिरवा. त्यानं आपल्या कापश्याले धरलं अन् रंगवलं. पांढरंफेक कुत्रं, रंग असा खुलून दिसे का इचारू नोको. पाठीवर झूल काढली, पोटावर ठिपके देल्ले, कान लाल केले. माह्या बैलाची मठाठी त्याच्या कपाळाले बांधली अन् घरोघरी बोजारा, म्हंजे पोळ्याची खुशी, मांगाले निंगाला. कापश्याबी असा का सोताले बैलच समजून मान हालवत चालला. समोरच्या नलूबाईनं तं त्याच्या पायावर पानी टाकून कुकू लावलं अन् आयुषले बिस्किटचा पुडा देल्ला. बाप्पा, मले हसू आवरे ना.

पन अनिमेषरावाले ते आवडलं नाही. चावडीपाशी कोनीतरी बोललं असन, साहेबाचं पोट्टं कुत्रं घेऊन मांगत फिरते म्हनून. मले ऐकू येत नाही, पन मानसाचं तोंड वाचता येते. ते लाल झाले होते. सोता बाह्या वर करून त्याहीनं कापश्याले गोठ्यामांगं नेलं अन् धुवून आनलं. आपल्या खानदानात कोन्त्या जावयानं सासऱ्याचं कुत्रं धुतलं, सांग बरं? मी गावभर सांगून राह्यलो.

आता कामाचं लिवतो. रंग पुरा निंगाला नाही, पोटाले हिरवा हायेच. पन कापश्या कालपासून जेवला नाही. पोट चाटते, चाटते, अन् मधातच खोकलते. कातडी लालबुंद झाली, हात लावू देत नाही. तं जावईबापूले जरा इचारून लिव, त्याले कायनं धुतलं. त्याहीले राग नोको येऊ देऊ. फक्त इचार.

फोनचं तुले माहीतच हाये. रामधन तो कानाले लावून देते अन् मी नुसता हो हो करत बसतो. म्हनून चिठ्ठीच लिव. दारात कोनी आलं तं कापश्याच माह्यं धोतर ओढते, वावरात डुक्कर शिरलं तं तोच मले उठवते. तो निजून हाये तं मी आता खरा बहिरा झालो.

तुहा बाबा,
किसनराव

यवतमाळ
२९ ऑगस्ट २०२५

ती. बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं, पण घरात गणपती बसलेले, माणसांची ये-जा चालू, आणि परवा महालक्ष्म्या. फुलोरा, सोळा भाज्या, सगळं माझ्याच अंगावर आहे. म्हणून उत्तराला उशीर झाला. रागावू नका.

यांना विचारलं. साबणानं धुतलं म्हणाले. निरमा लावला आणि विहिरीचं पाणी टाकलं, बस.

माझी मैत्रीण निकिता नागपूरला असते, तिच्या घरी कुत्री आहेत. तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, लहान मुलं घरात असली की जनावराच्या अंगावर काही ना काही लागतंच, रंग म्हणू नका, डिंक म्हणू नका, चघळलेलं च्युइंगम म्हणू नका. ऑइलपेंट पाण्यानं जात नाही. ओला असेल तर गोडेतेल चोळायचं, मऊ फडक्यानं पुसायचं, मग साबण. वाळला असेल तर ओढायचा नाही, ते केसच कात्रीनं कापून टाकायचे, पुन्हा येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चाटू द्यायचं नाही. जुन्या प्लास्टिकच्या बादलीचं बूड कापून ती गळ्यात अडकवायची. एवढं सोपं होतं, बाबा. पोळ्याला मला हे माहीत असतं तर कात्री घेऊन मीच बसले असते.

आयुषला भरपूर शिक्षा झाली आहे. आरतीच्या वेळी सगळी मुलं टाळ वाजवतात आणि हा भिंतीकडे तोंड करून उभा. हे म्हणाले, मुक्या जनावराचे हाल करणाऱ्याला प्रसाद मिळणार नाही. सासूबाई म्हणाल्या, गावाकडे नेलं की असंच होतं. पाच वर्षांचं लेकरू, त्याला काय कळतं? त्याला वाटलं आपण कापश्याला सजवलं.

एक विनंती आहे. धुण्याचं आता पुन्हा विचारू नका. तुमचं पत्र आलं की हे विचारतात काय लिहिलंय, आणि मला काहीतरी बनवून सांगावं लागतं. जे झालं ते झालं.

आयुष रोज सकाळी उठल्या उठल्या विचारतो, कापश्या जेवला का? मी हो म्हणते.

तुमची,
अर्पिता

मु. केळापूर
१ सप्टेंबर २०२५

चि. अर्पिता,

तुही चिठ्ठी काल आली. गोडेतेल लावलं. नलूबाईनं कापश्याचं डोकं मांडीवर धरलं अन् मी कात्रीनं पोटाचे केस कापले. कुत्रं असं गुमान पडून राह्यलं का मलेच रडू आलं. बादलीबी कापली. पन आता चाटाचं बंद करून काय फायदा, हप्ताभर तं चाटलंच त्यानं.

काल तो उठूनच राह्यला नाही. मंग रामधननं जनावराच्या डॉक्टरले फोन लावला. डॉक्टरनं पैले हेच इचारलं, रंग काढाले काय लावलं होतं? रामधननं ते माह्या तळहातावर बोटानं लिवून दाखवलं. मी तुही चिठ्ठी पुढं केली अन् म्हनलं, साबन. डॉक्टर म्हने, फक्त साबन असन तं मंग पोटातला रंग काढाले मिठाचं पानी पाजून ओकारी काढा, मी उद्या दुपारी येतो.

आमी पाजलं. तो ओकला. लय ओकला. पन तवापासून त्याची छाती शिट्टीवानी वाजून राह्यली म्हने. मले ते ऐकू नाही येत, पन हात ठेवला तं फासोळ्या अशा वरखाली होतात का मले हात ठेववत नाही. रात्रभर मी त्याच्यापाशी बसलो. तो माह्याकडे पाहे, मी त्याच्याकडे पाहो.

डॉक्टर आज येनार. बाकी सारं बरं हाये. आयुषले रागावू नोका वो. माह्याकडून त्याले सांग, आबाजीनं लय हसलं म्हनून. महालक्ष्म्या नीट कर, सासूले बोलाले जागा ठेवू नोको.

तुहा बाबा

यवतमाळ
५ सप्टेंबर २०२५

ती. बाबा,

रामधनकाकांचा फोन आला तेव्हा महालक्ष्म्या उठवायची गडबड होती. माझे हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. ते बोलले, कापश्या गेला. बैठकीत सगळ्यांनी ऐकलं. आयुषनंही.

मला वाटलं, हे निदान दोन मिनिटं गप्प बसतील. पण यांनी आयुषला समोर उभं केलं आणि म्हणाले, बघितलंस? तू रंग लावलास म्हणून तो मेला. आता पुन्हा करशील? आयुष नाही म्हणाला. मग यांनी, मोठ्यानं बोल, म्हणून पुन्हा विचारलं. तो मोठ्यानं नाही म्हणाला. त्यानंतर माझं लेकरू बोलतच नाही, बाबा. हो, नाही, पाणी, एवढंच.

शाळेत बाईंनी चित्र रंगवायला दिलं तर हा बाकाखाली जाऊन बसला. रंगखडूचा डबा मी कपाटात वर ठेवून दिला, तो दिसला तरी रडतो. रात्री अंथरूण ओलं करतो. दोन वर्षांपासून करत नव्हता. सासूबाई सकाळी गादी गच्चीवर टाकतात आणि शेजारच्या अनघाताईंना सगळं ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात.

डॉक्टर शेवटी काय म्हणाले ते रामधनकाकांनी नीट सांगितलं नाही. रंगानंच गेला ना तो? रंगच पोटात गेला ना? तेवढं मला लिहा. खरं काय ते लिहा.

तुम्ही जेवता ना? रात्री दाराला आतून कडी लावत जा. वावरात एकटे जाऊ नका. कापश्या नाही आता.

अर्पिता

मु. केळापूर
९ सप्टेंबर २०२५

चि. अर्पिता,

त्याले वावराच्या धुऱ्यावर पुरलं, पळसाखाली. आयुषले सांगू नोको.

तू खरं लिवा म्हनते. तं आता खरंच लिवतो, अन् तू बसून वाच.

डॉक्टर आला तवा कापश्याचा जीव जाऊन राह्यला होता. त्यानं त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं, मंग पोटाजवळ नेलं. मले कागदावर लिवून इचारलं, याले पेट्रोल लावलं होतं का? मी मान हालवली. नाही म्हनलं. साबन. त्यानं पुन्हा लिवलं, पेट्रोल पोटात गेलं असन तं ओकारी काढाचीच नसते, ओकताना ते फुफ्फुसात जाते. मी पुन्हा नाहीच म्हनलं. अन् तिकडं कापश्या गेला.

पोरी, मले पैल्या दिवसापासून ठाव होतं. तुमी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फवाराले पंप काढला तं पंपाच्या पेट्रोलची डबकी रिकामी. गोठ्यामांगं पाह्यलं तं एक चिंधी पडली होती, लाल-हिरवी, पेट्रोलच्या वासाची. माह्ये कान गेले, नाक गेलं नाही. ते पाहूनच मी तुले चिठ्ठी लिवाले बसलो.

तू म्हनशीन, मंग इचारलं काहून? तं ऐक. तुह्या लग्नात मी त्या मानसाचे पाय धुतले. त्याच्याबद्दल वाईट शब्द माह्या तोंडून निंगू नये, असं मले वाटे. तुह्या हातून लिवून आलं असतं तं मी तो कागद डॉक्टरपुढं केला असता अन् मोकळा झालो असतो. तू साबन लिवलं. मी समजलो, पोरीले संसार करायचा हाये, तिले हे झाकाचं हाये. मंग मीबी झाकलं. तू तिकडून जावयाचा मान राखला अन् मी इकडून राखला. मधात कुत्रं मेलं.

पेट्रोल लावाची चूक कोनाकडूनबी होते. गावातबी लोक गाडीचा रंग त्यानंच पुसतात, त्याहीले वाटलं कुत्र्याचाबी निंगन. त्याचा मले राग नाही. पन आपलं पाप पोट्ट्याच्या आंगावर टाकलं, याचा मले राग हाये, अन् लय हाये. चिठ्ठी वाचली अन् मले तुहाबी राग आला. माय हायेस ना तू?

त्या लेकराले सांग, कापश्या रंगानं नाही मेला. रंग कात्रीनं निंगला असता, तूच लिवलं होतं. आजच सांग.

माह्यं म्हनशीन तं रामधन आता दारातून खडे मारते घरात, मंग मले समजते कोनी आलं. परवा रातच्याले डुकरायनं तुरीची अर्धी ओळ खाल्ली अन् मी घोरत होतो. चालते तसं.

बाबा

यवतमाळ
१५ सप्टेंबर २०२५

ती. बाबा,

तुमचं पत्र मी न्हाणीत बसून वाचलं.

हो. मला माहीत होतं. हे पेट्रोल लावत होते तेव्हा मी परसात पाणी न्यायला आले होते. मी म्हटलंसुद्धा, अहो, त्याला झोंबेल. हे म्हणाले, तू आत जा. मी आत गेले. तुमचं पत्र आल्यावर यांना विचारलं तर म्हणाले, साबण लिही, उगाच तुझे वडील गावभर करतील. मी साबण लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं. तो कागद तुम्ही डॉक्टरपुढे धरला, हे वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

पण आयुषला कसं सांगू, ते तुम्हीच सांगा. मी परवा यांना म्हटलं, एकदा त्याला जवळ घ्या, म्हणा की चूक माझी होती. हे हसले. पेट्रोल उडून जातं म्हणाले, त्यानं काय होतं? आणि एका कुत्र्यासाठी बापानं मुलासमोर कान धरायचे का? सासूबाई म्हणाल्या, मुलांच्या मनात थोडी भीती असावीच. मी एकटीनं त्याला सांगितलं तर तो जाऊन विचारेल, पप्पा, तुम्ही मारलं का? मग काय होईल ते तुम्हाला माहीत नाही. हे मारत नाहीत मला. बोलायचं बंद करतात. मागे एकदा महिनाभर बोलले नव्हते, एका घरात राहून. ते सोसवत नाही बाबा मला.

दिवाळीला येते, तेव्हा वावरात नेऊन हळूच सांगू. तोपर्यंत थांबा. इकडे येऊ नका, तुमच्या पाया पडते.

काल मात्र तो बोलला. मी भाकरी थापत होते. मागून येऊन म्हणाला, "आई, आबाजींना ऐकू येत नाही ना? मग आता वाघ आला तर कोण सांगेल?" मी म्हटलं, रामधनआजोबा सांगतील. तो म्हणाला, "ते झोपले असले तर?" मग म्हणाला, "आबाजीपण मरतील. माझ्यामुळे."

बाबा, भाकरी करपली.

अर्पिता

मु. केळापूर
१८ सप्टेंबर २०२५

चि. अर्पिता,

दिवाळी लय दूर हाये. मी रविवारी सकाळच्या यस्टीनं येतो. अवस हाये, जावयाच्या घरी जायचा तो दिवस नाही, मले समजते. पन त्या दिवशी अनिमेषरावाले सुट्टी असते अन् ते घरी असतात. त्याहीच्या मांगून मी काही बोलनार नाही.

तुले त्रास होईन. होऊ दे. मोठं मानूस अबोला सोसू शकते. पाच वर्साच्या पोट्ट्यानं आबाजीचं मरन डोक्यावर घेऊन काहून फिरायचं?

सैपाक करू नोको. मी जेवाले येत नाही.

बाबा

यवतमाळ
२७ सप्टेंबर २०२५

ती. बाबा,

तुम्ही पोचल्याचं रामधनकाकांनी कळवलं. तुम्ही गेल्यावर इथे काय झालं ते तुम्हाला कोणीच सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

हे त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. निरोप सासूबाईंच्या तोंडून येतात. पहिला निरोप आला की या घरातून आता कोणी केळापूरला जाणार नाही, ना दिवाळीला, ना पोळ्याला. सासूबाई वर आपलं जोडून म्हणाल्या, अमावस्येला चपलांसकट बैठकीत येऊन बसला तुझा बाप, अन् जावयाच्या तोंडावर बोलला. मी म्हटलं, चपला त्यांनी दारातच काढल्या होत्या. एवढंच बोलले. दिवाळीचं मी अजून काही बोललेले नाही, पण आयुषचे कपडे एका पिशवीत भरून ठेवले आहेत. येईन का, ते आज लिहून देत नाही. तुम्हाला एकदा खोटं लिहिलं, आता कच्चं काही लिहायचं नाही.

तुम्ही आयुषला मांडीवर घेतलं ते बरं केलं. तुमचा आवाज किती मोठा येतो ते तुम्हाला कळत नाही, बाबा. अनघाताई गच्चीतून खाली आल्या होत्या ऐकायला. "कापश्या तुह्या रंगानं नाही मेला. तुह्या बापानं त्याले पेट्रोल लावलं, त्यानं मेला. पेट्रोलनं कुत्रं मरते हे तुह्या बापाले ठाव नवतं. पेट्रोल लावल्याचं तुह्या मायले ठाव होतं, मले ठाव होतं, आमी डॉक्टरले सांगतलं नाही. तू लहान हायेस, तुहं काही चुकलं नाही." शब्द न् शब्द माझ्या कानात आहे. मला वाटलं धरणी फाटावी. आणि त्याच वेळी असं वाटलं, की कोणीतरी माझ्या छातीवरचा दगड उचलला. दोन्ही खरं आहे.

हे तेव्हाच उठून आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले होते, पण आत गेले नाहीत. पाठ करून उभे राहिले. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आयुष त्या दिवशी दोन पोळ्या जेवला. बोलतो आता. अंथरूण अजून ओलं होतं, पण रोज नाही. काल त्यानं मला विचारलं की कापश्याला कुठे ठेवलं. मी सांगितलं, धुऱ्यावर, पळसाखाली. आता त्याच्यापासून काही लपवायचं माझ्यात बळ नाही.

अजून एक राह्यलं, बाबा. तुमचं सांगून झालं, तवा आयुष तुमच्या तोंडाकडे पाहत होता अन् मंग त्यानं काहीतरी विचारलं. तुमाले ऐकू आलं नाही. तुमी कानामांगं हात धरून सगळ्यांकडे पाहत राह्यले, "काय म्हनते पोट्टं? काय म्हनते?" कोनी सांगतलं नाही. तुमी माह्याकडे पाह्यलं, मीबी खाली पाह्यलं. मंग तुमी काठी घेतली अन् निंगून गेले. मले तुमची ती पाठ रोज दिसते.

त्यानं विचारलं होतं, "आबाजी, मग पप्पांना कोण रागावलं?"

सारे बैठकीतच होतो आमी. कोनी उत्तर देल्लं नाही. मीबी नाही.

तुमची,
अर्पिता